लोड बॅलन्सरवर सर्व सर्व्हर हिरवे, तरीही पहाटे ५०२: देखरेख नेमकी कशावर ठेवावी?

संत्रानगरी_ऑप्स यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

नागपुरात गायत्रीनगर भागात आमचे पाच जणांचे लहानसे कार्यालय आहे. संत्र्याचे अडते आणि काटोल-नरखेडकडील बागायतदार यांच्यासाठी मालवाहू गाड्यांची आगाऊ नोंदणी करून देणारे एक ॲप आम्ही चालवतो. सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये आहेत. पुढे एक ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणारा) आणि मागे दोन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) मिळून चार नोड.जेएस सर्व्हर, अशी साधी मांडणी आहे.

आंबिया बहराचा माल सुरू झाल्यापासून पहाटे साडेपाच ते सात या वेळेत ‘पान उघडत नाही, ५०२ येते’ अशा तक्रारी रोज दोन-तीन तरी येतात (५०२ म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची त्रुटी). आठनंतर, म्हणजे खरी गर्दी सुरू झाल्यावर, एकही तक्रार येत नाही, आणि नेमके हेच आम्हाला कळेनासे झाले आहे. डॅशबोर्डवर चारही टार्गेट (म्हणजे मागचे सर्व्हर) निरोगी दिसतात, प्रोसेसरचा वापर ३० टक्क्यांच्या वर जात नाही आणि प्रतिसादाचा सरासरी वेळ १८० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. परवा कळमना बाजारातून एका अडत्यांचा फोन आला, तेव्हा मी हाच हिरवा डॅशबोर्ड समोर ठेवून ‘आमच्याकडे सगळे व्यवस्थित आहे’ असे त्यांना सांगितले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, तुमच्याकडे असेल, माझ्याकडे नाही ना!’

दुसरी अडचण अलार्मची आहे. रात्री दोन-तीनच्या सुमारास आमचे अलार्म ‘अपुरी माहिती’ या स्थितीत जातात आणि निष्कारण संदेश पाठवतात. लोड बॅलन्सरची तब्येत पाहायची तर नेमके कोणते आकडे पाहावेत आणि अलार्म कशावर लावावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना_खांब यांचे उत्तर

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ‘निरोगी’ या शब्दाचा लोड बॅलन्सरच्या लेखी अर्थ फारच मर्यादित आहे. ठरवून दिलेल्या पत्त्यावर तो ठराविक अंतराने एक विनंती पाठवतो आणि अपेक्षित कोड वेळेत परत आला, की टार्गेट निरोगी मानतो. मूळ सेटिंग तशीच ठेवली असेल, तर ही विचारणा, म्हणजेच हेल्थ चेक, दर ३० सेकंदांनी होते, उत्तरासाठी ५ सेकंद दिले जातात आणि लागोपाठ २ वेळा अपयश आले तरच टार्गेट बाद होते. म्हणजे एखादा सर्व्हर पूर्ण कोसळला, तरी तो रांगेतून बाहेर पडेपर्यंत जवळजवळ एक मिनिट जाऊ शकते आणि तेवढा वेळ लोकांच्या विनंत्या त्याच्याकडे जात राहतात. तुमचा सर्व्हर तर कोसळतही नाही, त्यामुळे हेल्थ चेकमध्ये काही दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

तुमच्या प्रकरणात पहिला प्रश्न असा विचारायला हवा, की ही त्रुटी जन्माला कुठे येते. पाचशेच्या घरातील त्रुटींचे दोन वेगळे मोजमाप क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनच्या देखरेख सेवेत) मिळतात. एक टार्गेटने स्वतः परत पाठवलेल्या त्रुटींचे आणि दुसरे लोड बॅलन्सरने स्वतः निर्माण केलेल्या त्रुटींचे. बहुतेक जण या दोहोंची बेरीज एकाच आलेखावर काढतात आणि तिथेच तपासाची वाट चुकते. टार्गेटचा आकडा वाढला, तर दोष तुमच्या कोडमध्ये किंवा डेटाबेसमध्ये शोधावा. लोड बॅलन्सरचा आकडा वाढला आणि टार्गेटचा शून्य राहिला, तर दोष त्या दोघांमधल्या जोडणीत आहे, असे समजून पुढे जावे. त्यातही ५०२, ५०३ आणि ५०४ यांचे वेगवेगळे आकडे मिळतात, तेही पाहावेत. ५०४ म्हणजे टार्गेटने वेळेत उत्तर दिले नाही. ५०२ म्हणजे टार्गेटने जोडणी मध्येच तोडली किंवा समजण्याजोगे उत्तर दिले नाही.

सरासरी वेळेवर मात्र अजिबात विसंबू नका. १००० विनंत्यांपैकी ९८० विनंत्या १०० मिलिसेकंदांत पूर्ण झाल्या आणि उरलेल्या २० विनंत्यांना प्रत्येकी १० सेकंद लागले, तर सरासरी येते २९८ मिलिसेकंद. हा आकडा पाहून कोणीही निश्चिंत झोपेल. त्याच माहितीचा पी-९९ (९९ टक्के विनंत्या जेवढ्या वेळाच्या आत पूर्ण होतात तो वेळ) काढला, तर तो १० सेकंद येतो.

ॲक्सेस लॉग (लोड बॅलन्सरवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद) सुरू आहेत का? ते मुळात बंद असतात आणि स्वतःहून चालू करावे लागतात. ते चालू करून ५०२ची एखादी ओळ येथे द्यावी. आयपी पत्ता तेवढा काढून टाकावा.

संत्रानगरी_ऑप्स

मनःपूर्वक आभार. लॉग बंदच होते, ते परवा सुरू केले. आज पहाटे ५ वाजून ४२ मिनिटांनी एक तक्रार आली आणि मी पाच वाजताच्या फाइलमध्ये अर्धा तास ती ओळ शोधत बसलो. नंतर लक्षात आले, की लॉगमधील वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि आपली पहाटेची ५:४२ म्हणजे तिथली ००:१२.

ओळ सापडली. त्यातील सेकंदांत मोजलेले तीन कालावधी (विनंती टार्गेटकडे देईपर्यंतचा, टार्गेटचे उत्तर येईपर्यंतचा आणि ते उत्तर ग्राहकाकडे पाठवेपर्यंतचा) क्रमाने ०.०००, ०.००१ आणि –१ असे आहेत. त्यापुढे लोड बॅलन्सरचा कोड ५०२ आहे आणि टार्गेटच्या कोडच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. अशा एकूण सात ओळी मिळाल्या आणि सातही तशाच आहेत. चारही सर्व्हरची नावे त्यांत आली आहेत, म्हणजे एखादाच सर्व्हर बिघडला आहे असेही म्हणता येत नाही.

जुना_खांब

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. तिसरा कालावधी –१ आणि टार्गेटच्या कोडच्या जागी रेघ याचा अर्थ असा, की लोड बॅलन्सरने विनंती टार्गेटकडे सोपवली, पण उत्तर आलेच नाही. दुसरा कालावधी अवघा एक मिलिसेकंद असल्यामुळे येथे कोणी उत्तराची वाट पाहत बसलेले नव्हते. जोडणी क्षणार्धात तुटली. प्रत्येक ओळीत एक ट्रेस आयडी (त्या विनंतीचा ओळख क्रमांक) असतो आणि तो सर्व्हरकडे हेडरमधूनही (विनंतीसोबतच्या माहितीतून) जातो. तुमचे ॲप हा आयडी आपल्या लॉगमध्ये लिहीत असेल, तर तो तिथे शोधा. माझा अंदाज आहे की तो सापडणार नाही, कारण ती विनंती तुमच्या कोडपर्यंत पोहोचलेलीच नसावी.

कारण बहुधा असे आहे. लोड बॅलन्सर टार्गेटशी केलेली जोडणी लगेच बंद करत नाही. पुढच्या विनंतीसाठी ती राखून ठेवतो. ही रिकामी जोडणी किती वेळ ठेवायची, याची मर्यादा त्याच्याकडे मुळात ६० सेकंद असते. तुमच्या नोड सर्व्हरची मर्यादा, तुम्ही बदलली नसेल तर, ५ सेकंद असणार. म्हणजे जोडणी बंद करण्याचा निर्णय नेहमी सर्व्हरच आधी घेतो. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण सर्व्हर जोडणी बंद करत असतानाच लोड बॅलन्सरने तिच्यावरून नवी विनंती पाठवली, तर ती कोणाच्याच हाती लागत नाही. दुकानदाराने शटर ओढायला घेतले आणि त्याच क्षणी गिऱ्हाइकाने पैसे पुढे केले, असा तो प्रकार आहे. लोड बॅलन्सर अशा वेळी गिऱ्हाइकाला ५०२ देऊन मोकळा होतो.

गर्दीच्या वेळी तक्रार का येत नाही, याचेही उत्तर यातच आहे. आठनंतर विनंत्यांचा ओघ इतका असतो, की कोणतीही जोडणी ५ सेकंद रिकामी राहतच नाही. मध्यरात्री विनंत्याच नसतात. पहाटे मात्र त्या तुरळक येतात आणि एखाददुसरी बरोबर त्या पाचव्या सेकंदावर येऊन पडते. भार वाढला की बिघाड वाढतो, या आपल्या सवयीच्या समजुतीमुळे असे दोष महिनोन्महिने सापडत नाहीत.

उपाय एका ओळीचा आहे. सर्व्हरची कीप-अलाइव्ह मर्यादा (रिकामी जोडणी राखून ठेवण्याची) लोड बॅलन्सरच्या मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे समजा ६५ सेकंद करा आणि हेडर टाइमआउट (विनंतीचे हेडर येण्याची वाट पाहण्याची मर्यादा) त्याहून थोडा जास्त ठेवा.

नागनदीकाठ यांचे उत्तर

वरील निदानाशी मी सहमत आहे. आम्ही गुगलच्या क्लाउडवर असतो. तिथे हाच आकडा मोठा आहे. त्यांचा एचटीटीपी लोड बॅलन्सर मागच्या सर्व्हरशी असलेली रिकामी जोडणी ६०० सेकंद राखून ठेवतो. मागे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल, तर त्याची मूळ मर्यादा ७५ सेकंद असल्यामुळे ती वाढवून ६२० करावी लागते. म्हणजे ‘६५ पुरे’ हे सर्वत्र लागू नाही. आपल्या लोड बॅलन्सरचा आकडा पाहून मगच ठरवावे.

आता हेल्थ चेकबद्दल थोडे. अशी तक्रार आली, की पुष्कळ जण उत्साहाच्या भरात हेल्थ चेकच्या पत्त्यावर डेटाबेसची तपासणीही जोडून टाकतात. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले होते आणि त्याचा आजही पश्चात्ताप होतो. डेटाबेस वीस-पंचवीस सेकंद मंदावला आणि त्या डेटाबेसवर अवलंबून असलेली सगळी टार्गेट एकाच वेळी आजारी ठरली. खरे तर त्या वेळी निम्मी पाने कॅशमधून (आधीच साठवलेल्या प्रतींतून) व्यवस्थित उघडली असती. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये तर सर्वच टार्गेट आजारी ठरली, की तो हार मानून पुन्हा सगळ्यांकडेच विनंत्या पाठवू लागतो. म्हणजे निरोगी टार्गेटची संख्या शून्य दिसते आणि वाहतूक मात्र सुरू असते. हे ठाऊक नसलेला माणूस रात्री दोन वाजता तो आलेख पाहून गोंधळून जातो. हेल्थ चेकने फक्त ‘हा सर्व्हर विनंती घेऊ शकतो का’ एवढेच सांगावे आणि डेटाबेससाठी स्वतंत्र अलार्म असावा, असे माझे ठाम मत आहे.

निरोगी टार्गेटच्या संख्येवर अलार्म लावताना सरासरी न घेता किमान मूल्य घ्या आणि ते झोननिहाय पाहा. चारपैकी एक सर्व्हर मिनिटभर गेला आणि परत आला, तर सरासरीत तो बुडून जातो.

वऱ्हाडी_पॅकेट यांचे उत्तर

अलार्मच्या प्रश्नाला अद्याप कोणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

लोड बॅलन्सरवरून विनंत्या जात असतील तरच तो मोजमापे पाठवतो, आणि त्रुटींचा आकडा तर शून्य असेल तेव्हा पाठवतच नाही. त्यामुळे रात्री ‘शून्य’ दिसण्याऐवजी काहीच दिसत नाही आणि अलार्म ‘अपुरी माहिती’त जातो. माहिती नसेल तेव्हा काय समजावे, हे अलार्ममध्ये ठरवता येते. त्रुटींच्या अलार्ममध्ये ‘मर्यादा ओलांडली नाही’ असे ठेवा. निरोगी टार्गेटच्या संख्येसाठी मात्र नेमके उलट ठेवावे, कारण ती वाहतूक नसतानाही नियमितपणे यायला हवी आणि ती आली नाही तर ते काळजीचेच लक्षण आहे.

पी-९९बद्दल वर जे लिहिले आहे ते बरोबर असले, तरी तुमच्यासारख्या लहान वाहतुकीवर ते जपून वापरावे. पहाटे मिनिटाला ४० विनंत्या येत असतील, तर एका मिनिटाचा पी-९९ म्हणजे व्यवहारात त्या मिनिटातील सर्वांत संथ अशी एकच विनंती. त्यावर अलार्म लावला, तर कोणाच्या तरी खेड्यातील अशक्त नेटवर्कवरून आलेली मोठी फाइलही तुम्हाला झोपेतून उठवील. मुदत १५ मिनिटांची घ्या. त्रुटींचे प्रमाणही नुसत्या टक्केवारीत पाहू नका. १० विनंत्यांत १ त्रुटी म्हणजे लगेच १० टक्के होतात. ‘किमान ५ त्रुटी आणि प्रमाण १ टक्क्याच्या वर, आणि हे ५ पैकी ३ मिनिटांत’ अशी अट आम्ही ठेवतो.

आणखी एक कोड आवर्जून पाहा: ४६०. विनंती सुरू असतानाच ग्राहकाने स्वतः जोडणी बंद केली, तर लॉगमध्ये हा येतो. चारशेच्या घरातला असल्यामुळे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, पण वाट पाहून कंटाळलेला माणूस ॲप बंद करतो तेव्हा त्याचा वैताग येथेच नोंदला जातो.

शेवटचे म्हणजे, जी विनंती लोड बॅलन्सरपर्यंत पोहोचलीच नाही, ती त्याच्या कोणत्याही आलेखात दिसणार नाही. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपणे, डीएनएसमधील (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतील) चूक किंवा एखाद्याने लोड बॅलन्सरचे आयपी पत्ते कायमचे समजून फायरवॉलमध्ये लिहून ठेवणे (ते बदलत असतात) हे सगळे फक्त बाहेरून दिसते. आम्ही सीताबर्डीवरील कार्यालयात एक जुना फोन मोबाइल नेटवर्कवर ठेवून दिला आहे, जो दर मिनिटाला लॉगिनचे पान उघडून पाहतो.

संत्रानगरी_ऑप्स

उशिरा कळवत आहे, क्षमस्व. ट्रेस आयडी खरोखरच आमच्या लॉगमध्ये कुठेच नव्हता. कीप-अलाइव्ह ६५ आणि हेडर टाइमआउट ६६ सेकंद करून आज अकरा दिवस झाले. लोड बॅलन्सरचा ५०२चा आकडा तेव्हापासून एकदाही उमटलेला नाही. ज्या अडत्यांनी मला फोनवर ऐकवले होते, त्यांना आज स्वतः फोन करून चूक आमचीच होती असे सांगितले.

वऱ्हाडी_पॅकेट यांनी सांगितल्याप्रमाणे ४६० शोधले आणि तिथे नवेच प्रकरण निघाले. आठवड्याभरात ११२ नोंदी आहेत आणि त्यांपैकी ९० हून अधिक एकाच पानाच्या आहेत: ‘उपलब्ध गाड्यांची यादी’. त्या पानाचा १५ मिनिटांचा पी-९९ सकाळी साडेनऊला ४ सेकंदांच्या वर जातो. लोड बॅलन्सरचा येथे संबंध नाही. आमचीच क्वेरी जुन्या नोंदणीचे सगळे तक्ते चाळत बसते. त्यासाठी डेटाबेसच्या विभागात वेगळा धागा उघडला आहे, सवड झाल्यास तिकडेही यावे.