युरोपच्या प्रकल्पासाठी 'जीईपी' मागतायत, मुंबईतल्या संस्थेला लागतो का?

प्रश्न: होरायझन युरोपच्या (युरोपीय संघाची संशोधन अनुदान योजना) प्रस्तावात आमची अनुदानित संस्था भागीदार आहे. तिकडच्या समन्वयकाने जीईपी, म्हणजे लिंगसमानता आराखडा मागितलाय. नसेल तर बाद होतो का? अंतर्गत तक्रार समितीचा आदेश जोडला तर चालेल?

उत्तर १: बाद होत नाही. २०२२ पासूनची ही अट युरोपीय संघातल्या आणि सहयोगी (करार करून योजनेत सामील झालेल्या) देशांतल्या सार्वजनिक संस्था, विद्यापीठं, संशोधन संस्थांना आहे. भारत त्या यादीत नाही. फॉर्ममध्ये प्रश्न आला तर सरळ 'नाही' लिहा. समितीचा आदेश मात्र जोडू नका. २०१३ च्या कायद्याची ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींपुरती. आराखडा म्हणजे ती नव्हे.

उत्तर २: तरी करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. संस्थाप्रमुखाची सही आणि वेबसाइटवर जाहीर प्रत, त्यासाठी माणूस व पैसा, दरवर्षीची आकडेवारी, प्रशिक्षण, एवढं लागतंच. सहीविना पडून राहिलेला मसुदा धरत नाहीत.

खरी मेहनत आकड्यांत. एक्सेलमध्ये अर्ज, मुलाखतीला बोलावलेले, निवड, रुजू असे रकाने करा, प्रत्येकात स्त्री-पुरुष-इतर वेगळे. '४० टक्के महिला' याला काय अर्थ, त्या सगळ्या कंत्राटी प्रोजेक्ट असिस्टंट असतील तर? कायम आणि कंत्राटी वेगळे मोजा. आणि चार जणांच्या विभागात टक्के काढू नका. एक जण गेला की २५ टक्के घट दिसते!

उत्तर ३: आराखड्यापेक्षा गुण जातात ते दुसरीकडे. संशोधनाच्या विषयातच स्त्री-पुरुष फरक कसा तपासणार, हे मूळ प्रस्तावात लिहावं लागतं (कॉलमध्ये, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीत, सूट असेल तर नाही). तिथे लोक 'आमच्या टीममध्ये पाच महिला' लिहून मोकळे होतात. समजा, मुंबईच्या उकाड्याचा अभ्यास आहे आणि तापमापक फक्त ट्रॅफिक हवालदार आणि रिक्षावाल्यांना लावले. मग धारावीत पत्र्याच्या खोलीत दुपारभर शिलाई करणारी बाई नमुन्यातच येत नाही. नमुना कसा निवडणार, ते लिहा.

प्रश्नकर्ता: समजलं. पाळणाघर कुठे बसवू?

उत्तर २: आराखड्यातल्या काम-घर समतोलाच्या भागात. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते कायद्यानेच लागतं, २०१७ च्या दुरुस्तीपासून. तिथेच मीटिंगची वेळही लिहून टाका: साडेचारनंतर नाही. सहाला सुटलेल्या बाईला बदलापूर लोकलमध्ये चढता येतं का, ते दादर स्टेशनवर बघा.