मीम बघून हसतो सगळेच, पण त्यातून स्वतःचं काही सुचतं का?

निवांत_प्राणी
मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे. रोज रात्री मीम, जिफ, कुणीतरी बनवलेले बिनकामाचे रोबॉट, एकच बटण असलेल्या वेबसाइटी असलं कायकाय बघत एकटाच खिदळत बसतो. थोडंफार कोडिंग येतं, सध्या पी५ जेएस (कोडमधून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकतोय. पण स्वतः काही करायला बसलो की लगेच गंभीर, पोर्टफोलिओत कसं दिसेल, रंग बरोबर आहेत का, लोक काय म्हणतील, आणि मग कोरी स्क्रीन. ह्या टाइमपासमधून खरंच काही सुचतं का कुणाला, की 'रिसर्च चाललाय' म्हणून आपणच आपलं समाधान करून घ्यायचं?

बिटबिट
सुचतं की! फक्त विनोद अर्ध्यात सोडायचा नाही. १ एप्रिल १९९० ला आरएफसी ११४९ आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारे दस्तऐवज), कबुतरांकरवी इंटरनेटची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, कशी पाठवायची याचं रीतसर स्टँडर्ड, आणि भाषा कशी तर सरकारी परिपत्रकासारखी ठणठणीत. लोक हसले, विषय संपला. पण २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सवाल्यांनी खरी कबुतरं आणून ते चालवलं राव. पॅकेट कागदावर छापायचं, पायाला गुंडाळून चिकटवायचं, पलीकडे स्कॅन करून परत कॉम्प्युटरला भरवायचं. ९ पिंग ('आहेस का?' विचारणारे छोटे संदेश) गेले, ४ उत्तरं आली, आणि सगळ्यात चपळ उत्तरालाही ५० मिनिटांच्या वर लागली 😂 मला तरी मूळ जोकपेक्षा ती चिकाटी जास्त भारी वाटते.

खडूस_काका
ते ठीक आहे, पण स्क्रोल करून काही सुचत नाही, सुचतं ते वैतागातून. केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये १९९१ ला काय झालं, कॉफी आणायला उठून जायचं आणि भांडं रिकामं, म्हणून लोकांनी त्या भांड्यावर कॅमेराच लावला, जागेवर बसून दिसावं किती उरलीय ते. १९९३ मध्ये तो वेबवर आला आणि जगभरातली माणसं एक कॉफीचं भांडं बघत बसली, थेट २००१ पर्यंत. त्यांनी मीम बघून केलं का हे? तुला रोज कशाचा वैताग येतो ते लिहून काढ आधी.

बिटबिट
काका मान्य, पण १९९८ चा चहाच्या किटलीचा जोक घ्या ना, एरर ४१८, किटलीला कॉफी करायला सांगितली की तिने 'मी किटली आहे' असं उत्तर द्यायचं. कुणाचा वैताग नाही काही नाही, निव्वळ चावटपणा. २०१७ ला नोडमधून (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) तो काढायचं चाललं होतं तर लोकांनी एवढी ओरड केली की राहिला. आता तर स्टँडर्डमध्येही तो नंबर राखून ठेवलाय.

अर्धविराम
वाद नंतर घाला, त्याला कोरी स्क्रीन आहे ना समोर. @निवांत, माउसकडे बघणारे दोन डोळे काढ, ते सगळेच शिकताना काढतात. एटॅन२ या फंक्शनने डोळ्यापासून माउसच्या दिशेचा कोन मिळतो, त्यात पाय (π, म्हणजे अर्धा फेरा) मिळव, म्हणजे बुबुळं बरोब्बर उलट्या दिशेला जातात. एवढ्यानेच तो चेहरा रुसल्यासारखा दिसायला लागतो. मग लर्प (जुन्या आणि नव्या जागेच्या मधली जागा काढणारं फंक्शन) वापरून नजर थोडी उशिरा वळव, की रुसलेला नाही, चोरून बघणारा वाटतो. चित्र तेच, सगळा विनोद टायमिंगमध्ये. जिफवर हसतोस ना, तिथे नेमकी कुठली फ्रेम हसवते ते एक-एक फ्रेम पुढे सरकवून बघ, टाइमपासचा रिसर्च होतो तो असा.

निवांत_प्राणी
अरे हे भन्नाट आहे!! आत्ताच करून बघितलं, पाय मिळवल्यावर खरंच तोंड फिरवून बसलाय गडी. लर्पचा आकडा ०.०५ ठेवलाय, त्याने आळशीच वाटतोय जरा. क्लिक केल्यावर त्याने एकदाच सरळ आपल्याकडे बघावं असं करायचंय, पण मग तो भीतीदायक दिसतो, काय करू?

अर्धविराम
बघितल्यावर लगेच पापणी मिटव, अर्धा सेकंद, आणि परत नजर फिरव. लिंक टाक झालं की.

खडूस_काका
मलाही पाठव.