लॉख नेसऐवजी लॉख लीव्हन

एडिंबरोहून एका दिवसात लॉख नेसची (लॉख म्हणजे तळे) धावपळ करावी का, या प्रश्नावर माझे मत असे की, त्याऐवजी तासाभराच्या अंतरावरील किनरॉस गाठून लॉख लीव्हन निवांत पाहावे. तेथील बेटावरच्या किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी १५६७ पासून कैदेत होती. तिथेच तिला राज्यत्याग करावा लागला आणि २ मे १५६८ रोजी ती होडीतून निसटली. एकोणिसाव्या शतकात तळ्याची पातळी उतरवल्यामुळे बेट आज बरेच ऐसपैस दिसते. मेरीच्या काळी पाणी जवळजवळ तटाला भिडलेले असे. किल्ल्याची होडी मात्र हिवाळ्यात बंद असते. शरद ऋतूत आइसलंडकडून गुलाबी पायांचे हजारो रानहंस उतरतात. जेवणात कलन स्किंक हे स्कॉटिश सूप मिळाल्यास जरूर घ्यावे: धुरी दिलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि चक्क दूध! आजीने ताट मागे सारले असते. मी दुसरा वाडगा मागवला.