'छान' म्हणून माझं चित्र सुधारलं नाही
नवशिक्याच्या चित्रात चुका काढू नयेत, नुसतं छान म्हणावं असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. मी वॉटरकलरमध्ये घाट रंगवला होता, सगळे मस्त मस्त म्हणाले, एका काकांनी मात्र विचारलं की लांबचा डोंगर जवळच्या झाडाइतकाच गडद का केलास, दूरचं हवेमुळे फिकट निळसर दिसतं ना, चित्राचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. केला तर सगळं एकाच करड्या रंगाचं! दोन दिवस वाईट वाटलं, पण पुढच्या चित्रात डोंगर खरंच मागे, लांब दिसायला लागला. नुसतं 'जमलं नाही' म्हणणं मात्र नकोच, त्यातून काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. आणि वॉटरकलरमध्ये गडद झालेलं परत उजळ करणं फार अवघड, म्हणून मी आता पेन्सिल स्केच असतानाच दाखवते.