ठिबकवरचा मराठी ब्लॉग: ॲडसेन्सला अर्ज करण्याआधी काय काय नीट करून घ्यावं?

शिवारपाणी

ठिबक संचाची देखभाल या विषयावर ब्लॉगरवर (गुगलच्या मोफत ब्लॉग सेवेवर) मराठी ब्लॉग आहे. आतापर्यंत ४१ लेख झालेत: सँड फिल्टरचं बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं), लॅटरल (पिकाच्या ओळीतली नळी) फ्लश करणं, ॲसिड प्रक्रिया (आम्लाने नळ्यांतला थर काढणं), एकरी साहित्य किती लागतं, अनुदानाचा अर्ज वगैरे. पत्ता अजून ब्लॉगस्पॉटचाच आहे. महिन्याला साधारण ९,००० पानं उघडली जातात, त्यातली बरीचशी व्हॉट्सॲपच्या गटांतून.

ॲडसेन्सला (ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेला) अर्ज अजून केलेला नाही. त्याआधी चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत.
१. एवढ्या वाचनावर पैसे किती मिळू शकतात?
२. आधी स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा पत्ता) घ्यावं की अर्ज करून मग घ्यावं? वर्डप्रेसवर जाणं गरजेचं आहे का?
३. लेखात जाहिराती कुठे आणि किती लावाव्यात?
४. बचत खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे. ते चालेल का?

आकडेमोड

शिवारपाणी, तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

ॲडसेन्सच्या अहवालात 'पेज आरपीएम' नावाचा आकडा असतो. हजार पानं उघडल्यावर तुमच्या वाट्याला किती डॉलर आले, एवढाच त्याचा अर्थ. तो विषयावर, वाचकाच्या गावावर आणि जाहिरातदारांच्या हंगामावर बदलतो, म्हणून आधीच कुणी ठाम आकडा सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दोन गृहीतकं धरून गणित मात्र करता येतं. आरपीएम ०.५ डॉलर धरला तर ९,००० पानांचे महिन्याला साडेचार डॉलर होतात. १ डॉलर धरला तर ९. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवले जात नाहीत. म्हणजे पहिल्या हिशेबाने २३ महिने, दुसऱ्याने १२ महिने थांबावं लागेल. दर महिन्याला १०० डॉलर हवे असतील तर १ डॉलरच्या आरपीएमला महिन्याला १ लाख पानं लागतात.

ॲडसेन्सने मराठी भाषेला २०१८ मध्ये मान्यता दिली. तरी मराठी पानांवर बोली लावणारे जाहिरातदार इंग्रजीच्या मानाने कमी असतात, आणि जाहिरातींच्या लिलावात बोली कमी आल्या की भाव पडतोच. जमेची बाजू एवढी की पंप, पाइप, ट्रॅक्टर, खतं, पीककर्ज असे खर्च करणारे जाहिरातदार तुमच्या विषयाच्या आसपास आहेत.

आणखी एक बदल ध्यानात घ्या. २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स क्लिकऐवजी जाहिरात दाखवली जाण्यावर पैसे देतं. त्यामुळे वाचक पानावर थांबतो का, खालपर्यंत जातो का, दुसरं पान उघडतो का, यालाच किंमत आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस एक पान बघतो आणि गटात परत जातो. ज्याचे ड्रिपर (नळीवरून थेंब थेंब पाणी सोडणारे तुकडे) बंद पडलेत आणि जो शोधत शोधत तुमच्याकडे आला, तो ॲसिड प्रक्रियेचं पान वाचून फिल्टरच्या पानावरही जातो. तुम्हाला हा दुसरा वाचक हवा आहे.

काना_मात्रा

आकडेमोड यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच पुढे जातो. शोधणाऱ्या वाचकाला मराठी ब्लॉग सापडत नाही, त्याची कारणं बहुतेक वेळा लेखात नसतात. ती लेखाच्या पत्त्यात आणि शब्दांत असतात.

आधी पत्ता. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत असलं की यंत्रणा त्यातली अक्षरं गाळून टाकते आणि पत्ता 'ब्लॉग-पोस्ट', मग 'ब्लॉग-पोस्ट_१२' असा काहीतरी बनतो. तुमच्या ४१ लेखांतले बरेच असेच असणार. त्यातून वाचकाला काही कळत नाही, शोधयंत्रालाही नाही. उपाय सोपा आहे. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) उघडा, 'कस्टम' निवडा आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द आडव्या रेघांनी जोडून लिहा. तिथे देवनागरी चालत नाही.

वर्डप्रेसवर त्रास उलटा आहे. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण साठवताना प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा ९ चिन्हांची होते आणि मर्यादा २०० चिन्हांची असते. म्हणजे जेमतेम २२ अक्षरं-मात्रा बसतात. 'ठिबक सिंचन लॅटरल साफ करण्याची पद्धत' हे शीर्षक दिलंत तर पत्ता 'करण्' वर तुटतो. शिवाय तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि लोकांना ती फसवी लिंक वाटते. म्हणून दोन्हीकडे पत्ता रोमन, शीर्षक मराठी.

आता शब्द. तुम्ही 'ठिबक सिंचन संचाची देखभाल' लिहीत असाल. शेतकरी लिहितो 'ड्रीप चोकअप', 'नळीतून पाणी येत नाही', 'ड्रिपर बंद', 'पांढरा थर'. यातलं बरंचसं रोमन लिपीतही टाइप होतं. सर्च कन्सोलला (ब्लॉग गुगलच्या शोधात कसा दिसतो ते दाखवणाऱ्या साधनाला) ब्लॉग जोडा, 'परफॉर्मन्स' अहवालात तीन महिन्यांचे शोधशब्द काढा. ज्या शब्दांवर पान दिसलं पण कुणी उघडलं नाही, ते शब्द उपशीर्षकात किंवा पहिल्या परिच्छेदात नैसर्गिकपणे आणा. 'ठिबक' आणि 'ड्रीप' दोन्ही लेखात असू द्यात.

'शेतकऱ्यांसाठी' हा शब्दही तपासा. कीबोर्डनुसार तो 'शेतकऱ्यांसाठी', 'शेतकर्‍यांसाठी' किंवा 'शेतकर्यांसाठी' असा तीन तऱ्हांनी उमटतो. पहिले दोन डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्यांचे संकेत निराळे असतात. तिसरा तर उघडच चूक. मोठं शोधयंत्र सांभाळून घेईलही, ब्लॉगच्या आतला शोध मात्र त्यांना वेगळे शब्द मानू शकतो. एकच तऱ्हा ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर कुठे चिकटवलेला असेल तर तो युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर शोधयंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. सेटिंग्जमध्ये ब्लॉगची भाषाही मराठी निवडा. फाँटमध्ये सोय असेल तर 'श' आणि 'ल' मराठी वळणाचे दिसतात.

पाटी_आणि_पान

अर्ज आणि जाहिरातींबद्दल.

अर्ज नाकारला जाण्याचं सर्वांत सामान्य कारण 'कमी मूल्याचा मजकूर' असं येतं. लोक त्याचा अर्थ शब्दसंख्या कमी असा लावतात आणि लेख फुगवतात. अडचण बहुधा वेगळी असते: तोच मजकूर आधीच पन्नास ठिकाणी असतो. तुमचा अनुदानाचा लेख बघा. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर, हे सगळ्यांनीच शासन निर्णयातून उतरवलेलं आहे. तुमच्या पानावर त्यापुढचं हवं: कोणती कागदपत्रं कुठे अडतात, बिलावर काय काय असावं लागतं, मोजणी करायला आलेला माणूस नेमकं काय तपासतो.

मूल्याचा मजकूर म्हणजे काय, याचा एक नमुना देतो. दोन ओळींत अंतर १.५ मीटर, ड्रिपर दर ६० सेंटिमीटरला, ड्रिपर ताशी ४ लिटरचा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याला १.५ ने भागलं की लॅटरल सुमारे २,७०० मीटर, त्याला ०.६ ने भागलं की ड्रिपर सुमारे ४,५००, म्हणजे संच चालू असताना ताशी १८,००० लिटर पाणी लागतं. पंप तेवढं देत नसेल तर एकराचे दोन भाग करावे लागतात. हे गणित मांडून पाच-सहा पिकांच्या अंतरांचा तक्ता द्या. असं पान लोक जपून ठेवतात आणि पुन्हा उघडतात.

अर्जाआधी ही पानं असू द्यात: संपर्क, आमच्याविषयी, गोपनीयता धोरण. धोरणात जाहिरातींसाठी कुकी वापरल्या जातात हे स्पष्ट लिहा. मेनूतला एकही दुवा रिकाम्या पानावर जायला नको. ब्रिटन किंवा युरोपातला वाचक येत असेल तर मंजुरीनंतर ॲडसेन्समधल्या 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग' विभागातून संमतीची चौकट चालू करा. जानेवारी २०२४ पासून ती तिथल्या वाचकांसाठी लागते.

जाहिरातींच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला ऑटो ॲड्स बंद. लेखाच्या पायऱ्यांमध्ये यंत्र स्वतःहून जाहिरात घालतं, आणि ॲसिड प्रक्रियेसारख्या लेखात पायरी तीन आणि चार यांच्यामध्ये जाहिरात येणं धोक्याचं आहे. वाचक तिथेच थांबला आणि लॅटरल धुण्याची पायरी राहून गेली तर? हाताने तीन जागा ठरवा: दुसऱ्या परिच्छेदानंतर, लेखाच्या मध्यावर उपशीर्षकाच्या आधी, आणि लेख संपल्यावर. हजार शब्दांच्या लेखाला एवढं पुरतं.

प्रत्येक जागेला किमान २८० पिक्सेल उंची आधीच राखून ठेवा. नाहीतर जाहिरात उशिरा येते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट भलतीकडे पडतं. मजकूर असा हलण्याचा आकडा (सीएलएस) ०.१ च्या आत हवा, पेजस्पीड इनसाइट्सवर तो तपासता येतो. 'डाउनलोड' बटणाच्या किंवा फोटोंच्या रांगेच्या शेजारी जाहिरात लावू नका. वर मथळा द्यायचा तर 'जाहिरात' एवढाच. 'उपयुक्त माहिती' असा मथळा नियमभंग ठरतो.

स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, तपासण्यापुरतंही नाही. घरच्यांनीही नाही. गावच्या गटात 'लेख वाचा आणि जाहिरातीवर क्लिक करून सहकार्य करा' असा निरोप गेला तर मदत करणाऱ्यांचे क्लिक अवैध धरले जातात, जमलेले पैसे कापले जातात आणि खातं कायमचं बंद होऊ शकतं.

आकडेमोड

ऑटो ॲड्सबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. लेखातल्या जाहिराती बंद ठेवून फक्त खाली चिकटून राहणारी 'अँकर' जाहिरात चालू ठेवता येते. ती मजकुरात घुसत नाही, वाचक ती मिटवूही शकतो, आणि मोबाइलवर तिचं उत्पन्न बरं असतं. दोन आठवडे चालू आणि दोन आठवडे बंद ठेवून आरपीएम ताडून बघा.

शिवारपाणी

सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. 'ब्लॉग-पोस्ट_१२' छापाचे जुने पत्ते आता बदलले तर गटांत फिरणाऱ्या लिंका मोडतील ना? आणि बँकेचं?

पासबुक

बँकेचं सांगतो. पैसे परदेशातून डॉलरमध्ये वायर ट्रान्सफरने येतात आणि त्यासाठी स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारातली बँकेची ओळख) लागतो. बहुतेक जिल्हा मध्यवर्ती बँकांकडे आणि पतसंस्थांकडे तो नसतो. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं काढा. तिथेही तुमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल, तर परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेचा कोड चालतो. तो शाखेतूनच लिहून घ्या, इंटरनेटवरच्या यादीवरून नको. रक्कम आल्यावर बँक उद्देश-संकेत (रक्कम कशाबद्दल आली ते सांगणारा क्रमांक) विचारते. जाहिरात सेवेसाठी तो पी१००७ आहे. बँकेकडून परकीय रक्कम आल्याची पावती दर वेळी मागून ठेवा, विवरणपत्र भरताना लागते.

नाव हा सर्वांत मोठा घोळ. ॲडसेन्सच्या पेमेंट प्रोफाइलमधलं नाव बँक खात्यावर आहे तसंच हवं. पासबुकावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी असेल तर प्रोफाइलमध्येही तोच क्रम ठेवा. एका व्यक्तीला एकच खातं मिळतं, आणि वय १८ पूर्ण लागतं.

खात्यात १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो. दोन ते चार आठवडे धरा. पत्ता इंग्रजीत लिहा: घर किंवा गट क्रमांक, वस्ती, गाव, मुक्काम-पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. पोस्ट दुसऱ्या गावात असेल तर त्या गावाचं नाव नक्की लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. तीन आठवड्यांत आला नाही तर नवा मागवता येतो. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात.

महिनाअखेरीला १०० डॉलर पूर्ण झाले असतील, आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत बँकेचा किंवा कराच्या माहितीचा अडथळा राहिला नसेल, तर २१ ते २६ तारखेदरम्यान रक्कम निघते. ॲडसेन्स कराची माहिती मागू शकतं. अमेरिकेच्या कराचा फॉर्म मागितला तर व्यक्तीसाठी तो 'डब्ल्यू-८बेन', त्यात पॅन द्या.

काना_मात्रा

जुने पत्ते एकदम बदलू नका. सर्च कन्सोलवरून बघा: ज्या लेखांना शोधातून वाचक येतोय, त्यांना हात लावायचा नाही. बाकीच्यांपैकी दहा-बारा महत्त्वाचे निवडा. लेख मसुद्यात न्या, पर्मालिंक बदला, पुन्हा प्रकाशित करा. मग सेटिंग्जमधल्या 'कस्टम रीडायरेक्ट्स'मध्ये जुना पत्ता, नवा पत्ता भरून 'कायमस्वरूपी' चालू करा. गटांतली जुनी लिंक उघडली तरी वाचक नव्या पानावर पोचतो.

डोमेन मात्र अर्जाच्या आधीच घ्या. ब्लॉगस्पॉटवर मंजुरी मिळाली आणि मग डोमेन बदललं, तर ॲडसेन्समध्ये ती नवी साइट म्हणून पुन्हा तपासली जाते. वर्डप्रेसवर जायची आत्ता गरज नाही. होस्टिंगचा वार्षिक खर्च महिन्याच्या चार-नऊ डॉलरांतून भागवायचा कशाला? ब्लॉगरलाच डोमेन जोडा: डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर (पत्ता कुठल्या साइटकडे न्यायचा ते ठरवणाऱ्या नोंदींच्या पानावर) दोन सीनेम नोंदी घाला. एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची, दुसरी ब्लॉगर तुम्हाला देतो ती पडताळणीची. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायचा पत्ताही चालायला हवा, त्यासाठी ब्लॉगरच्या मदतपानावरच्या चार 'ए' नोंदी. नोंद लागू व्हायला काही तास जातात, तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा बदलू नका. मग एचटीटीपीएस चालू करा. ब्लॉगस्पॉटच्या सगळ्या जुन्या लिंका आपोआप नव्या डोमेनकडे वळतात.

शेवटी 'ॲड्स डॉट टीएक्सटी', म्हणजे तुमच्या साइटवर जाहिराती विकायचा अधिकार कुणाला आहे ते सांगणारी फाइल. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'मॉनेटायझेशन'खाली त्याची जागा आहे. त्यातली ओळ हाताने टाइप करू नका, ॲडसेन्समधून जशीच्या तशी उचला. प्रकाशक क्रमांकातला एक अंक चुकला तरी 'अनधिकृत' असा शेरा येतो आणि उत्पन्नाला फटका बसतो.