गाणी आपोआप सुरू होण्यामागे फोन नसतो, गाडी असते
गाडीत फोन ब्लूटूथने जोडला गेला की गाणी आपोआप सुरू होतात. ती थांबवायला स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपमधला 'ऑटोप्ले' बंद करण्याचा सल्ला दिला जातो, पण त्याने हा प्रश्न सुटणार नाही. ते सेटिंग यादी संपल्यावर तशीच आणखी गाणी वाजवायची की नाही एवढंच ठरवतं. इथे ब्लूटूथ जोडलं गेलं की गाडीचा स्टिरिओच फोनला 'प्ले'चा आदेश पाठवतो आणि शेवटचं वापरलेलं अ‍ॅप तो पाळतं. अ‍ॅप बंद करून ठेवलं तरी बऱ्याचदा पुन्हा जागं होतं, ते यामुळेच.

म्हणून आधी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये 'ऑटो प्ले'सारखं काही आहे का पाहा. बऱ्याच गाड्यांत नसतंच.

अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनची अ‍ॅप्स गाडीच्या पडद्यावर वापरण्याची सोय) वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये संगीत आपोआप सुरू करण्याचा पर्याय बंद करा. नुसतं ब्लूटूथ असेल आणि गाडीत फक्त कॉलच हवे असतील, तर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबून 'मीडिया ऑडिओ' बंद करा, 'कॉल्स' चालू ठेवा. मात्र मग नकाशाच्या सूचना बहुधा फोनच्याच स्पीकरवर येतील.

आयफोनला असा थेट पर्याय नाही. शॉर्टकट्स अ‍ॅपमध्ये ऑटोमेशन, मग ब्लूटूथ (कारप्ले, म्हणजे आयफोन गाडीच्या पडद्यावर वापरण्याची सोय असेल तर कारप्ले), गाडी निवडा, 'रन इमीजिएटली' (न विचारता लगेच चालवा) ठेवा. त्यात दोन कृती जोडा: आधी ५ सेकंद 'वेट', मग 'पॉज'. 'वेट' गाळू नका. गाडीचा आदेश उशिरा येतो आणि आधीच दिलेला पॉज वाया जातो. तरीही वाजलंच तर सेकंद वाढवा.