कर्नलमधली ही स्ट्रिंग कॉपी उडवू का?

नवशिका_सी: लिनक्स कर्नलमधला (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला) एक जुना ड्रायव्हर साफ करतोय, त्यात फंक्शनला नाव कॉन्स्ट पॉइंटर (फक्त वाचायचा पत्ता) म्हणून येतं, मग ते स्टॅकवरच्या ३२ बाइटच्या बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) कॉपी होतं आणि पुढे नुसती तुलना, बस. थेट पॉइंटरच वापरला तर काही फुटेल का?

बिटकिडा: उडव बिनधास्त. लांब नाव कापलं जाऊन तुलना चुकायची शक्यता पण जाते. फक्त मधे कुणी त्या बफरमध्ये लिहीत नाही ना बघ, स्ट्रसेप (स्ट्रिंगचे जागेवरच तुकडे करणारं फंक्शन) वगैरे असेल तर ते मूळ स्ट्रिंगच तोडेल.

पॉइंटरपंत: स्ट्रिंग येते कुठून ते पण बघा राव. युजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममधून, येत असेल तर कॉपी लागतेच, नाहीतर तुम्ही तपासल्यावर दुसरा थ्रेड ती बदलून मोकळा. आणि पॉइंटर साठवून ठेवणार असाल तर केस्ट्रडप_कॉन्स्ट (कर्नलचं स्ट्रिंगची प्रत बनवणारं फंक्शन) बरं, स्ट्रिंग कर्नलच्याच रीड-ओन्ली भागात असेल तर ते कॉपी करतच नाही, पण सोडताना केफ्री_कॉन्स्टच हं, मेमरी सोडणारं साधं केफ्री मारलंत की मेलात.

नवशिका_सी: साठवत नाहीये, कॉलर सगळे लिटरलच (कोडमध्येच लिहिलेली स्ट्रिंग) देतात. दुसरीकडे एक स्ट्रएलसीपीवाय (स्ट्रिंग कॉपीचं जुनं फंक्शन) पण आहे.

बिटकिडा: ते कर्नल ६.८ मध्ये काढलंच की, कंपाइलच होणार नाही. आधी तिथे कॉपी लागते का बघ, लागलीच तर त्याच्या जागी स्ट्रएससीपीवाय.